न वाचायची टिंबं

"ओ मावशी, नोटिशीला हात लावू नका की!" पट्टेवाला व्हरांड्याच्या टोकावरून ओरडला.

मावशींनी ऐकलं नाही, किंवा ऐकून सोडून दिलं. मिरजेच्या कोर्टाच्या भिंतीवर 'येथे थुंकु नये' असा छापील कागद चिकटवला होता. मावशी चवड्यांवर उभ्या राहिल्या, पर्समधून पेन काढलं, 'कु'च्या उकाराला खाली एक शेपूट जोडलं आणि पेनाला टोपण लावलं. साठी उलटलेली बाई, कडक इस्त्रीची सुती साडी, चष्म्याला दोरी. मी सगळ्यांत जवळ बसलो होतो, म्हणून खुलासा मला मिळाला.

"दीर्घ असतो तो," त्या म्हणाल्या.

"थुंकणारे काय वाचून थुंकतात होय?" मी म्हटलं.

"थुंकणारे थुंकणारच. म्हणून नोटिशीनंही चुकायचं का?"

शुद्धलेखनावर मी कुणाशी वाद घालत नाही. शाळेत शुद्धलेखनाच्या तासाला मी बहुतेक बाकावर उभा असायचो, आणि नोकरीत सगळे अहवाल इंग्रजीत लिहिले त्याचं खरं कारण तेच आहे. मी सरकून त्यांना जागा दिली.

"कुठून आलात?"

"पुण्याहून."

"तारीख आहे?"

"नाही, साक्ष."

"माझी तारीख आहे," त्या म्हणाल्या. "पुण्याहून कोणी साहेब येणार आहेत, शाई बघून सांगणारे. सखाराम वाघमोडे माझे वडील होते की नव्हते, ते आज त्यांच्याकडून कळेल. वय झालं माझं, पण कळलेलं बरं."

मी उठलो. जरा पाणी पिऊन येतो म्हणालो आणि जिन्याजवळच्या दुसऱ्या बाकावर जाऊन बसलो. तज्ज्ञ साक्षीदारानं पक्षकाराशी गप्पा मारू नयेत असा संकेत आहे. शिवाय माझ्या पिशवीतल्या अहवालात काय लिहिलंय ते मला माहीत होतं, आणि ते त्या बाईंच्या फायद्याचं नव्हतं.

ही दोन हजार नऊची गोष्ट. तेव्हा मी सरकारी प्रयोगशाळेत वादग्रस्त कागद तपासायचं काम करत होतो. लोकांना वाटतं, यंत्रात कागद घातला की दुसऱ्या बाजूनं तारीख बाहेर येते. तसं असतं तर मी डोळे कशाला फोडून घेतले असते? शाईला जन्मदाखला नसतो. तिच्यावर प्रकाश टाकायचा, तिनं कोणता रंग गिळला आणि कोणता परत पाठवला त्याचा आलेख काढायचा, आणि ती कोणत्या घराण्यातली ते ओळखायचं, एवढंच. कागदावरच्या तारखेला ते घराणं जन्मालाच आलं नव्हतं असं निघालं, तर कागद खोटा. आलं होतं असं निघालं, तर कागद खरा ठरत नाही. खोटा ठरला नाही, इतकंच. यातला फरक आजवर एकाही वकिलाला पटलेला नाही.

माझ्याकडे आलेला कागद म्हणजे एका सर्कशीची जाहिरात होती. पुढच्या बाजूला तोंड वासलेला सिंह आणि तिकिटांचे दर. मागच्या कोऱ्या बाजूला एकोणीसशे छप्पन सालची तारीख घालून लिहिलेलं पत्र. लिहिणारा सखाराम वाघमोडे, सर्कशीत तंबू ठोकणाऱ्या टोळीचा मुकादम. आडनाव वाघमोडे असलं तरी वाघाशी त्याचा संबंध आल्याची कुठे नोंद नव्हती. पत्र असं होतं:

'मी सर्कशिबरोबर सिलोनला जातों. हि कूसूम माझि मूलगी आहे. मिरजेंतलि दोन खोल्यांचि जागा तिचि आहे. तिला तिथून कोणि काढूं नये. तिला शाळेंत घालावें. हें पत्र मीं शूद्धिवर लिहिलें.'

खाली सही. सहीखाली सर्कशीचा मॅनेजर आणि एक बँडवाला असे दोन साक्षीदार, दोघंही वारलेले. सखारामही सिलोनहून परत आला नाही. तापानं तिकडेच गेला.

त्याची लग्नाची बायको आणि मुलगा तासगावला होते. मिरजेच्या दोन खोल्यांत राहायची ती पारूबाई, कूसूमची आई. तिच्या लग्नाचा कागद नव्हता. आता तासगावचा मुलगाही वारला होता आणि त्याच्या मुलानं, उत्तम वाघमोडेनं, दावा लावला होता. त्याचं म्हणणं सरळ होतं. पारूबाई आमची भाडेकरू. तिची मुलगी कुणाची कोण. आणि पत्र म्हणाल तर तिनंच घरी बसून बनवलंय.

कागदाबद्दल माझी काही तक्रार नव्हती. अतिनील दिव्याखाली आजचा कागद टिनोपॉल घातलेल्या सदऱ्यासारखा उजळतो. हा मख्ख राहिला. अक्षरांची शाई निळी-काळी, लोखंड असलेली, दौतीतली. त्या काळात शोभणारी. मग मी कागद अवरक्त प्रकाशाखाली धरला. त्या प्रकाशात असली शाई दिसेनाशी होते, हे मला माहीत होतं. त्याप्रमाणे पडद्यावर सगळं पत्र पुसलं गेलं. टिंबं मात्र जागच्या जागी राहिली. काळी कुळकुळीत, रांगोळी काढायच्या आधी घातलेल्या ठिपक्यांसारखी.

मी एकेका टिंबाचा आलेख काढला. 'खोल्यां'वरचं टिंब अक्षरांच्याच शाईतलं होतं, ते अक्षरांबरोबर नाहीसं झालं होतं. बाकी सगळी काजळीच्या काळ्या रंगाची. सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येकाच्या पोटात बारीक गोळीचा खळगा दिसला. म्हणजे जेल पेन. तसली पेनं आपल्याकडे दुकानांत दिसू लागली ती नव्वदनंतर. छप्पनच्या पत्रावर नव्वदनंतरची टिंबं. मी अहवालात तसं लिहिलं. दुसरं काय लिहिणार?

पुकारा झाला. कोर्टात न्यायाधीश मॅडम होत्या, वयानं माझ्यापेक्षा बऱ्याच लहान, आणि समोर दोन वकील. उत्तमच्या बाजूनं बिरनाळे, हसऱ्या चेहऱ्याचे. ते हसले की अशिलाला धीर यायचा आणि साक्षीदाराला घाम. बाईंच्या बाजूनं शिकलगार, जे कागद शोधत होते. बाई पहिल्या बाकावर ताठ बसल्या होत्या. मला पिंजऱ्यात चढताना पाहून त्यांनी चष्मा नीट केला. ओळखलं असणार, पण चेहऱ्यावर काही दाखवलं नाही.

"टिळेकरसाहेब," बिरनाळे म्हणाले, "पत्रातली अक्षरं आणि टिंबं एकाच शाईतली आहेत?"

"नाहीत. एक टिंब सोडून."

"ते एक सोडा. बाकीची टिंबं नंतर दिलेली आहेत?"

"हो."

"म्हणजे दस्तऐवजात फेरफार झालाय."

"टिंबांपुरता."

"होय की नाही एवढंच सांगा."

"होय."

बिरनाळे मॅडमकडे वळले. "मॅडम, प्रतिवादी बाईंनी याच कोर्टात शपथेवर सांगितलंय, 'या पत्रावर मी एक अक्षरही लिहिलेलं नाही.' पत्र पहिल्यापासून यांच्या ट्रंकेत. मग फेरफार केला कुणी? उंदरानं?"

कोर्टात हशा झाला. उत्तम जरा जास्तच वेळ हसला.

शिकलगार उठले. "साहेब, अक्षरांची शाई जुनी आहे ना?"

"जुन्या प्रकारची आहे. छप्पन सालाशी विसंगत नाही."

"म्हणजे पत्र छप्पनचं आहे!"

"तसं मी म्हटलं नाही. कुणाच्या घरात जुनी दौत शिल्लक असेल, तर त्या शाईनं आजही लिहिता येईल."

शिकलगार खाली बसले. मी त्यांच्या ताटातली भाकरी उचलल्यासारखे माझ्याकडे बघत राहिले. मला वाईट वाटलं, पण खरं ते खरं.

बाईंच्या मांडीवर पर्स होती आणि पर्सच्या कप्प्याला ते पेन अडकवलेलं होतं. काळं जेल पेन. सकाळी नोटिशीवर चाललेलं मी डोळ्यांनी पाहिलं होतं. पण असली पेनं गावात घरोघर असतात, आणि मला पेनाबद्दल कुणी विचारलं नव्हतं. न विचारलेलं सांगायचं नाही, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम. मी पेनावरची नजर काढून हातातल्या अहवालाकडे वळवली.

"पत्र वाचून दाखवा," मॅडम म्हणाल्या. "कुठली टिंबं नंतरची आहेत ते मला कळू दे."

मी वाचायला लागलो. दोन ओळींनंतर त्यांनी थांबवलं.

"टिंबं वाचा."

"वाचतोय, मॅडम."

"तुम्ही 'काढू नये' वाचलंत. माझ्या प्रतीत 'काढूं' आहे."

"मॅडम, ही टिंबं वाचायची नसतात."

"मग लिहायची कशाला?"

हे मला ठाऊक नव्हतं. माझा जन्म बासष्टचा. त्याच साली ही टिंबं सरकारनं रद्द केली, असं घरी वडील सांगायचे; दोन्ही घटनांबद्दल ते सारख्याच सुरात बोलायचे.

"व्युत्पत्तीसाठी," पहिल्या बाकावरून आवाज आला.

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "कोण बोललं?"

बाई उभ्या राहिल्या. "मी. तिथं पूर्वी नाकातला उच्चार होता. तो गेला, खूण म्हणून अनुस्वार राहिला. पुढे बासष्टच्या नियमांत तोही काढला. पण पत्र छप्पनचं आहे."

"तुम्हाला विचारलेलं नाही. बसा."

बाई बसल्या. शिकलगारांनी डोळे मिटून घेतले. बिरनाळ्यांचा चेहरा आयतं घबाड सापडल्यासारखा खुलला. मॅडम मात्र पत्राच्या प्रतीवर बोट फिरवत होत्या.

"टिळेकर, मला एक सांगा. ही टिंबं काढून टाकली तर पत्राचा अर्थ बदलतो?"

"नाही, मॅडम. एकाही शब्दाचा नाही."

"मग फेरफार करणाऱ्यानं साधलं काय?"

हे विचारलं होतं. म्हणून मी सांगितलं. "ते मला सांगता येणार नाही. पण एक दिसतं. 'मुलगी'चा मू दीर्घ काढलाय. 'माझी'चा झि ऱ्हस्व. 'शुद्धीवर' या शब्दात तर दोन चुका आहेत. आणि टिंबं मात्र, मला कळतं तेवढ्यावरून, जिथं पाहिजेत तिथं सगळी आहेत. ज्याला 'मुलगी' लिहिता येत नाही, त्याला ही टिंबं येणार नाहीत. या कागदावर दोन हात आहेत, मॅडम. एक न शिकलेला आणि एक शिकलेला."

"हरकत आहे!" बिरनाळे उठले. "साक्षीदार शाईचे तज्ज्ञ आहेत, व्याकरणाचे नाहीत."

हरकत शंभर टक्के योग्य होती. माझे शाळामास्तर असते तर त्यांनी बिरनाळ्यांच्या बाजूनं साक्ष दिली असती.

तेवढ्यात बाई पुन्हा उभ्या राहिल्या. या वेळी त्यांना कुणी बसा म्हणालं नाही. मॅडमनी मला पिंजऱ्यातून खाली उतरवलं आणि बाईंना वर बोलावलं. शपथ झाली.

"या पत्रावर तुम्ही काही लिहिलंत का?" मॅडमनी विचारलं.

"अक्षर एकही लिहिलेलं नाही."

"टिंबं?"

"अनुस्वार मी दिले."

"याअल्ला," शिकलगार हळूच म्हणाले. ते सगळ्यांना ऐकू गेलं.

बिरनाळे दोन पावलं पुढे आले. "मागच्या तारखेला शपथेवर खोटं बोललात तर!"

"मागच्या तारखेला तुम्ही 'एखादं अक्षर तरी लिहिलंत का' असं विचारलंत. अनुस्वार हे अक्षर नाही. अक्षरावरचं चिन्ह आहे ते."

"म्हणजे फेरफार केला नाही?"

"नाही. तपासलं."

"कधी तपासलंत?"

"अठ्ठ्याण्णव साली."

"अठ्ठ्याण्णव साली जुनी, रद्द झालेली टिंबं? हे कोर्टानं खरं मानायचं?"

"पत्र छप्पनचं आहे, तर छप्पनच्या नियमानं नको तपासायला?" बाई म्हणाल्या. "नियम मागल्या तारखेनं लागू होत नाहीत. वकिलाला हे मी सांगायचं का?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "बाई, पण का? घरातल्या जुन्या पत्राला हात का लावलात?"

बाईंनी दोरीला धरून चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला.

"मुलाचं लग्न ठरत होतं," त्या म्हणाल्या. "मुलीकडचे कोल्हापूरचे. मुलाचे आजोबा कोण, म्हणून त्यांनी विचारणं साहजिक होतं. जन्मभर लोक मला तेच विचारत आले, कुणी तोंडावर, कुणी मागं. या वेळी दाखवायला पत्र होतं. पण मी हायस्कुलात मराठी शिकवायची. गावात लोखंडेबाई म्हटलं की मुलं खिशातली वही लपवायची, चुका निघतील म्हणून. आणि माझ्या वडिलांचं एकुलतं एक पत्र, त्यात शब्दाशब्दाला चूक. ते लोक वाचतील, आपसांत बघतील, हसतील." त्या थांबल्या. "मला लाज वाटली त्यांची."

मॅडमनी पत्राची प्रत पुन्हा हातात घेतली.

"ऱ्हस्व-दीर्घ सुधारायचे तर खाडाखोड झाली असती. खाडाखोड मी कधी केली नाही आणि मुलांना करू दिली नाही. पण अनुस्वाराला वर जागा मोकळी होती. दुपारी बसले आणि देऊन टाकले. निदान तेवढं तरी बरोबर दिसेल म्हणून."

"मग? पाहुणे काय म्हणाले?" मॅडमनी विचारलं. हा प्रश्न कोणत्या कलमाखाली येतो ते मला माहीत नाही.

"त्यांनी वाचलंच नाही. कागद उलटा करून सिंह बघितला. सर्कशीत सिंह किती होते म्हणून विचारलं."

कुणी हसलं नाही. उत्तमही नाही.

"याच पत्रात त्यांनी लिहून ठेवलंय, तिला शाळेत घालावं," बाई म्हणाल्या. आताही वाक्यं पूर्ण येत होती. "आईनं धुणीभांडी करून घातलं. शिकले, म्हणून मला चुका दिसल्या. चुका दिसल्या, म्हणून त्यांची लाज वाटली. ज्यानं शाळेत घातलं त्याचीच. मॅडम, जागेचं काय ते तुम्ही कायद्यानं ठरवा. मी मुलाकडे जाऊन राहीन. पण त्यांनी मला मुलगी म्हटलंय, ते खोटं आहे असं मात्र निकालात लिहू नका. टिंबं माझी आहेत. ते वाक्य त्यांचं आहे."

क्षणभर बिरनाळेही खाली बघत होते. पण फी घेतलेला माणूस किती वेळ खाली बघणार? "मॅडम, टिंबं देता येतात तर आख्खं पत्रही लिहिता येतं," ते म्हणाले. "साहेब म्हणालेच, जुनी दौत असली की झालं. चुका काय, मुद्दामही करता येतात. बाईंच्या अक्षराचा नमुना घ्या. इथंच, सगळ्यांसमोर. पत्रात आहे तसा, चुकांसकट."

मागणी रीतसर होती. बाईंना टेबलाजवळ बसवलं, कोरा कागद दिला. आपलं पेन वापरू का, असं त्यांनी विचारलं. मॅडम एकेक शब्द सांगू लागल्या.

"'हि'. ऱ्हस्व लिहा."

बाईंनी लिहिलं. बिरनाळ्यांनी वाकून पाहिलं. "दीर्घ लिहिलंय, मॅडम."

"बाई, जसं आहे तसं लिहा."

"हो," बाई म्हणाल्या आणि पुन्हा 'ही' लिहिलं. पुढचा शब्द त्यांच्या नावाचा. मॅडमनी दोनदा बजावलं, दोन्ही उकार दीर्घ. कागदावर 'कुसुम' उमटलं. त्यापुढे 'माझी'. त्यापुढे 'मुलगी', वळणदार, फळ्यावर लिहावी तशी.

"मॅडम, हे चाललंय काय?" बिरनाळे म्हणाले.

बाईंच्या कपाळावर घाम आला होता. त्यांनी पेन घट्ट धरलं आणि पुन्हा 'मुलगी' लिहायला घेतली. 'म' झाला. पेन क्षणभर त्याच्या पायाशी थांबलं. आणि मग उकार नेहमीसारखाच आखूड वळला.

"होत नाही हो," त्या म्हणाल्या. "हात वळत नाही."

"नाटक आहे, मॅडम!"

"असेल," मॅडम म्हणाल्या. त्यांनी दाव्याचे कागद पुढे ओढले आणि पान उलटलं. "पण बिरनाळेसाहेब, तुमच्या दाव्यात तीन ठिकाणी 'मूलगी' आहे. नमुना घ्यायचाच झाला तर आधी तुमचा घ्यावा लागेल."

बिरनाळे हसले. या वेळचं हसणं जरा आखूड होतं. आपल्याला दुसऱ्या कोर्टात पुकारा आहे असं सांगून ते लवकरच गेले, आणि मागोमाग उत्तमही गेला.

निकाल पुढे काही आठवड्यांनी लागला, तो आताच सांगून टाकतो. जागा बाईंकडे राहिली. शिकलगारांनी फोन करून कळवलं, आणि माझ्या साक्षीमुळेच केस जिंकलो असंही म्हणाले. प्रत्यक्षात निकालात माझ्या शाईला एक परिच्छेद मिळाला होता आणि टिंबांना पानंच्या पानं. उत्तमनं वर अपील केलं नाही. तज्ज्ञाला अशा वेळी समाधान वाटायला हवं. मला वाटलं ते निराळंच काही. आपण एवढी यंत्रं लावून टिंबं कधीची ते शोधलं, पण ती कशाची होती ते त्या बाईंनी स्वतः उभं राहून सांगेपर्यंत मला कळलं नव्हतं. माझ्या आलेखात लाज दिसत नाही.

पण मला आठवते ती त्याच दिवशीची दुपार. हजेरीचा दाखला घ्यायला मी कारकुनाच्या टेबलाशी उभा होतो. पलीकडे लोखंडेबाई स्टुलावर बसून आपल्या जबानीची छापील प्रत वाचत होत्या. वाचत होत्या म्हणजे तपासत होत्या. 'शिक्षीका'ची वेलांटी, 'अठ्याण्णव'चा ठ, 'अनूस्वार' तर जिथं आला तिथं.

"मावशी, परत्येक दुरुस्तीला बाजूला आद्याक्षरं लागत्यात," कारकून कळवळून म्हणाला. "जिवाला तरास करून घेऊ नका. न्यायाधीश म्याडमला कळतंय सगळं."

"लागतात तर देते की."

"आमचं जेवण राहिलंय ओ."

"माझंही."

शेवटचं पान आलं. बाईंनी ते वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचलं, पेन उचललं, आणि सहीच्या जागेवर थोडा वेळ नुसतं धरून ठेवलं. मग सावकाश सही केली आणि प्रत कारकुनापुढे सरकवली.

कारकून शिक्का मारायला वाकला आणि तसाच थांबला.

"मावशी, ह्ये काय? सगळ्या जगाचं सुधारलंसा आणि सोताचंच नाव चुकलंय की."

मी वाकून पाहिलं. काळ्या जेल पेननं, फळ्यावरच्या त्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'कूसूम'. दोन्ही दीर्घ. तासाभरापूर्वी न्यायाधीशांनी दोनदा बजावूनही जो हात वळला नव्हता, तो आता वळला होता.

"दोन्ही उकार लांब झाल्यात," कारकून म्हणाला. "करा दुरुस्त, आन् बाजूला सही घाला."

बाईंनी पेनाला टोपण लावलं.

"ती चूक माझी नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या वडिलांची आहे."

कारकुनाला काय करावं सुचेना. त्यानं बाईंकडे पाहिलं, शिक्क्याकडे पाहिलं, आणि शेवटी माझ्याकडे.

"साहेब, तुमी तज्ज्ञ. चालंल का अशी सही?"

मी खिशातून भिंग काढलं. गरज नव्हती, पण सरकारी कामात रीत पाळलेली बरी. दोन्ही उकार नीट पाहिले आणि भिंग परत खिशात ठेवलं.

"मारा शिक्का," मी म्हटलं. "अस्सल आहे."